सीटखालची पिवळी रेघ

"सतरा द्या मॅडम, नायतर पोरगा गाडी इकील," असं म्हणत हरडकाकांनी गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवली. त्यांच्या दुसऱ्या हातात फुलाफुलांच्या अभ्र्याची एक उशी होती. ती मात्र त्यांनी खाली ठेवली नाही. काखेत धरूनच उभे राहिले.

सतरा म्हणजे एका लिटर डिझेलमध्ये सतरा किलोमीटर. त्यांच्या एसयूव्हीच्या माहितीपत्रकात छापलेला आकडा. काकांना मिळत होते नऊ, कधीकधी आठसुद्धा. ही तक्रार घेऊन ते तिसऱ्यांदा आले होते, आणि दर वेळी मुरबाड तालुक्याच्या पार टोकाहून, वैशाखऱ्याहून शहापूरपर्यंत येत होते. म्हणजे ॲव्हरेज कमी म्हणून सांगायला येण्यातच बरंच डिझेल जाळत होते. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. गिऱ्हाईक उभं असताना असले हिशेब मनातच करायचे असतात.

मी शहापूरला हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. गिऱ्हाईक सांगतं ते मेकॅनिकच्या भाषेत लिहायचं आणि मेकॅनिक बडबडतो ते गिऱ्हाइकाला झेपेल अशा भाषेत सांगायचं, हे माझं काम. वर्कशॉपमध्ये आले तेव्हा इथे बाई म्हणून मी एकटीच होते, आणि लोक मला विचारायचे, "साहेब कुठंयत?" आता मला विचारतात, "मॅडम, गाडी कधी मिळेल?" प्रगती म्हणायची ती एवढीच.

सगळ्या तक्रारींत ॲव्हरेजची तक्रार सगळ्यात वैतागवाणी. आवाज येत असेल तर ऐकता येतो. ऑइल गळत असेल तर दिसतं. ॲव्हरेज ना दिसत, ना ऐकू येत. ते असतं लग्नाच्या स्थळाच्या पगारासारखं. बैठकीत सांगतात एक, हातात येतो दुसराच.

पण म्हणून कंपनीचा आकडा खोटा असतो असं नाही. लोकांचा तसा समज आहे, तेव्हा जरा सांगते. गाडीचं मायलेज मोजतात ते एका बंद खोलीत. गाडीची चाकं रोलरवर ठेवतात. जिममध्ये माणूस जागच्या जागी पळतो ना, तशी गाडी जागच्या जागी पळते. खोलीचं तापमान ठरलेलं, वेग किती सेकंदाला किती ठेवायचा ते ठरलेलं, गिअर कधी बदलायचा तेही ठरलेलं. एसी बंद. टपावर सामान नाही, मागे वऱ्हाड नाही, समोरून म्हशी येत नाहीत, आणि किन्हवलीच्या पुढचे खड्डे तर त्या खोलीला स्वप्नातही माहीत नाहीत. तिथे येतो तो आकडा खरा असतो, पण तो त्या खोलीपुरता खरा. दोन गाड्यांची तुलना करायला बरा. आपल्या रस्त्यावर त्यातले तीन-चार किलोमीटर सोडून द्यायचे, आणि एसयूव्ही असेल तर मन आणखी थोडं मोठं करायचं. उंच आणि जड गाडी, समोरची हवा ढकलत न्यायची म्हणजे डिझेल पिणारच.

तेव्हा काकांनी तेरा सांगितले असते तर मी हेच सगळं त्यांना ऐकवून चहा पाजून परत पाठवलं असतं. पण नऊ कसे, हे मलाच कळत नव्हतं.

पहिल्या वेळी आम्ही एअर फिल्टर बदलला, टायरमधली हवा बघितली, गाडीला स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं यंत्र. त्याने सांगितलं, सगळं ठीक. दुसऱ्या वेळी आमच्या ट्रायल ड्रायव्हरने, संतोषने, काकांच्याच रस्त्यावर गाडी नेऊन आणली. त्याला जवळजवळ चौदा मिळाले. हा संतोष म्हणजे सहा फुटांच्या वर गेलेला माणूस. शटर पाऊण उघडं असलं तरी वाकून आत येतो. तो आला आणि म्हणाला, "मॅडम, गाडी लोण्यासारखी आहे. फक्त क्लचला वास येतोय जरासा. प्लेट लवकर झिजलीय." मी ते लिहून ठेवलं आणि त्याच्यावर फार विचार केला नाही.

तिसऱ्या वेळी मात्र मी काकांना नीट बघितलं. बुटके, काटक, पांढरा शर्ट इस्त्रीचा. घरची भातशेती आणि भाजीचा मळा. चिडलेलं गिऱ्हाईक मला लांबून ओळखता येतं, आणि काका चिडलेले नव्हतेच. ते घाबरलेले होते. पैसे परत मागत नव्हते, गाडी बदलून मागत नव्हते, ग्राहक न्यायालयाचं नावही काढत नव्हते. मुलगा निलेश आखातात, दोह्याला नोकरीला होता. मुरबाडच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन होता, तिथून गेला. मागच्या सुट्टीत त्यानेच ही गाडी घेऊन दारात उभी केली आणि आठवडाभरात परत गेला. आता तो फोनवर म्हणत होता की, बाबा, लोकांना चौदा-पंधरा मिळतात, तुमी नऊ काढता, म्हंजे ही गाडी तुमाला झेपत नाय. पौषात म्हशाच्या जत्रेला येतो तेव्हा विकून टाकू आणि तुमाला छोटी बघू.

"मग छोटी काय वाईट आहे काका?" मी विचारलं.

"हीच ऱ्हावूं दे," काका म्हणाले. उशी घेऊन कस्टमर लाउंजमध्ये जाऊन बसले. उशी मांडीवर घेतली होती. मला वाटलं, काकांना मूळव्याधीचा त्रास असणार. अशा वेळी खोलात विचारणं बरं दिसत नाही, म्हणून मी विचारलं नाही. जाताना मात्र ते वळून आमच्या वॉशिंगच्या माणसाला म्हणाले होते, "गाडीला हात लावा, पन शीटला हात लावू नका." हे ते प्रत्येक वेळी म्हणायचे. नवीन सीट कव्हर असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी फाइल घेऊन आमच्या वर्क्स मॅनेजरकडे, काळे सरांकडे गेले.

"संतोषला चौदा आले ना?"

"आले सर."

"मग गाडी ओके. रिमार्कमध्ये ड्रायव्हिंग हॅबिट लिही, सही घे, क्लोज कर."

"चौदाचे बारा होतात सवयीने. नऊ नाही होत."

"मग तू जाऊन बस त्यांच्या शेजारी," सर कॉम्प्युटरमधून डोकं वर न काढता म्हणाले. ते वैतागून म्हणाले होते. मी ती ऑर्डर समजले आणि काकांना जाऊन सांगितलं की, आज गाडी तुम्ही चालवायची, मी नुसती बसणार.

पहिल्यांदा पंपावर गेलो. मायलेज मोजायची खरी पद्धत साधी आहे. टाकी फुल करायची, पाइप आपोआप बंद पडेपर्यंत. गाडी फिरवून आणायची. परत त्याच पंपावर, त्याच मशिनवर, तसंच बंद पडेपर्यंत भरायचं. जितकं डिझेल मावलं तितकं जळलं. डॅशबोर्डवरचा आकडा बघून लोक भांडायला येतात, पण तो गाडीचा अंदाज असतो. टाकी अंदाज सांगत नाही.

पंपावरून निघताना काकांनी उशी सीटच्या पाठीला लावली आणि तिच्यापुढे टेकून बसले. म्हणजे ती मूळव्याधीची नव्हती. मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. मग काकांनी क्लच दाबायला पाय लांबवला, आणि मला सगळा प्रकार दिसायला लागला.

सीट पार मागे होती. संतोषसारख्या माणसाला सोयीची असावी इतकी मागे. काका उशीला टेकून सुद्धा सीटच्या काठावर आले होते आणि तरीही त्यांच्या डाव्या पायाची बोटंच काय ती क्लचला लागत होती. क्लच पूर्ण दाबला गेला तरच गिअर नीट पडतो. अर्धा दाबला की तो खरखरतो. प्रत्येक गिअरला कर्र असा आवाज व्हायचा आणि काकांचा चेहरा कसानुसा व्हायचा. म्हणून त्यांनी त्यातून आपली वाट काढली होती. गिअर बदलायचाच नाही. सेकंडला उचलायची, कशीबशी थर्डला टाकायची आणि मग थेट घरापर्यंत थर्डलाच. इंजिन ओरडत होतं, फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरचा काटा वर चढलेला होता, एकदा काढलेला पाय परत पोचेल की नाही म्हणून तो क्लचवरच टेकलेला होता आणि त्याचा जळका वास आत येत होता. नऊ का येतात हे मला किन्हवलीच्या आत कळलं. आठ का येत नाहीत, याचंच नवल वाटायला लागलं.

तेवढ्यात माझी नजर वरच्या आरशावर गेली. आरसा इतका वर केलेला होता की काकांच्या जागेवरून त्यात मागचा रस्ता दिसणंच शक्य नव्हतं. गाडीचं छत दिसत असणार. मागून हॉर्न आला की काका मान वळवून मागे बघायचे, आणि तेवढा वेळ गाडी आपल्या मनाने चालायची. मी सीटबेल्ट घट्ट धरून बसले.

"काका, गाडी जरा सावलीला घ्या," मी म्हणाले.

त्यांनी एका चिंचेखाली गाडी घेतली. ती थांबताना आचका देऊन बंद पडली.

"सीट पुढे घ्या ना काका. खाली लिव्हर आहे, ओढला की सरकते. गाडीत काही दोष नाही. तुमचा पाय पोचत नाही."

"म्हाईत हाय."

"माहीत आहे?"

काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिले. मग म्हणाले, "त्यानं लावलेली हाय ती. निलेशनं. जायच्या दिवशी सकाळी मला मुरबाडपावत फिरवून आनला, दारात लावली आनि उतरला. तवापासून तशीच हाय. आरसा पन." मग स्टिअरिंगवर अंगठा फिरवत म्हणाले, "एकदा हलवली का मंग परत कशी लावायची? कुठं व्हती ते कुनाला म्हाईत?"

माझी मुलगी बंगळूरला नोकरीला गेली तेव्हा तिच्या मोबाइलचा चार्जर तिच्या पलंगाशेजारच्या प्लगमध्ये तसाच राहिला होता. नवऱ्याने एकदा तो गुंडाळून ठेवला तेव्हा मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते, आणि का बोलत नाही ते मलाही सांगता आलं नव्हतं. चार्जरने निदान कोणाचा क्लच जळत नाही. पण माणूस दूर गेलं की त्याने जसं ठेवलं तसं काहीतरी आपल्याला लागतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला त्या चिंचेखाली मुलीची इतकी आठवण आली की मी खिडकीतून बाहेरच बघत बसले.

आता सगळा गुंता माझ्यासमोर होता. गाडी विकली जाऊ नये म्हणून काकांना ॲव्हरेज हवं होतं. आणि गाडी त्यांना हवी होती ती ज्या सीटसाठी, त्या सीटमुळेच ॲव्हरेज जात होतं. तक्रार मिटवायला माझ्या दृष्टीने एक लिव्हर ओढणं पुरेसं होतं. काकांच्या दृष्टीने तो लिव्हर ओढला की गाडी ठेवली काय आणि विकली काय, सारखंच होतं.

"चला, घरी तर जाऊ," मी म्हणाले. मी गाडी चालवते म्हटलं असतं तर मलाही सीट पुढे घ्यावी लागली असती, कारण उंचीत मी काकांच्याही खाली. म्हणून जीव मुठीत धरून तशीच बसले. सरळगाव गेलं, टोकावडं गेलं, आणि आम्ही वैशाखऱ्याला पोचलो तेव्हा समोर माळशेजचे डोंगर स्वच्छ दिसत होते. एरवी मी ते बघत थांबले असते.

घरी यमुनाकाकू, काकांची बायको. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला, आणि मी गाडीच्या वर्कशॉपमधली हे कळल्यावर पहिला प्रश्न विचारला, "शीट नाय ना हलवली?" म्हणजे हा दोघांचा मिळून कारभार होता. काकू रोज सकाळी ओल्या फडक्याने गाडी पुसायच्या. पुसून झाली की ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायच्या, आत बघायच्या आणि बंद करायच्या.

"शीट अशी मागं असते ना," काकू म्हणाल्या, "वाटतं आत्ताच उतरून गेलाय. पान्याला नायतर कुठं. येईल."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं आणि साखर किती घालू ते विचारलं.

चहा होतोय तोवर निलेशचाच फोन आला. त्याची जेवणाची सुट्टी होती. काकांनी स्पीकर लावून फोन माझ्या हातात दिला. पोरगा बोलायला चांगला होता, पण आकड्यावर अडून बसलेला.

"मॅडम, कंपनी सतरा सांगते. बाबांना नऊ. अर्धंच झालं ना?"

मी त्याला ती बंद खोली, ते रोलर, सगळं सांगितलं. सतरा कोणालाच मिळत नाहीत, तेरा-चौदाची अपेक्षा ठेव म्हटलं.

"चौदा चालतील. पण नऊ का? बाबांना जमत नाही ना चालवायला? खरं सांगा. मला त्यांची काळजी वाटते हो. घाटाकडचा रस्ता आहे, उद्या काही झालं तर मी इथं बसून काय करू?"

म्हणजे डिझेलचं निमित्त होतं. तिकडे त्याला वेगळीच भीती होती. मी काकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, सांगू नका म्हणून. हात जोडायचेच बाकी होते. सांगितलं असतं तर पोरगा हसला असता आणि म्हणाला असता, काय बाबा तुमी पन, सरकवा ती पुढं. प्रेमानेच म्हणाला असता. पण मग ते संपलं असतं.

"बाबांना चांगली जमते," मी म्हणाले. "पेडलपर्यंत पाय पोचायचं थोडं ॲडजस्टमेंट होतं. ते आज मी करून देते. म्हशाच्या जत्रेपर्यंत थांब. ॲव्हरेज आलं नाही तर गाडी वीक."

"बघा मग, तुमच्या भरवशावर," निलेश म्हणाला. फोन ठेवताना त्याने विचारलं, "आई कुठाय?" काकू शेजारीच उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. "हितंच हाय," एवढंच म्हणाल्या.

शब्द तर देऊन बसले होते. चहा पिता पिता शर्टाच्या खिशाला हात गेला आणि पेनाबरोबर पेंट मार्कर हाताला लागला.

आमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात तो असतो. गाडीखालचा एखादा महत्त्वाचा नट पूर्ण कसून झाला की त्याच्यावरून बाजूच्या पत्र्यापर्यंत एक पिवळी रेघ मारायची, ही आमची रीत. म्हणजे नट कसला आहे हे पुढच्या माणसाला कळतं. आणि पुढे कधी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर नट हलला हेही कळतं. परत दोन्ही तुकडे जुळले की नट होता तिथे आला. इतकं साधं काम. दिवसातून शंभरदा करतो, त्यामुळे त्याच्याकडे कधी लक्षच जात नाही.

मी उठले, गाडीचं दार उघडलं आणि गुडघ्यावर बसून सीटखाली बघितलं. सीट ज्या पट्टीवर सरकते ती जमिनीला पक्की असते. तिच्यावरून वरच्या सरकत्या भागापर्यंत मी एक सरळ पिवळी रेघ ओढली.

"काका, इकडे या. काकू, तुम्हीही. ही निलेशची जागा. आता बघा."

मी लिव्हरला हात घातला तसा काकांनी माझा दंडच धरला. मग त्यांचं त्यांनाच वाटलं असावं, हात सोडला. मी सीट पुढे घेतली. रेघेचे दोन तुकडे लांब गेले. काकूंनी दाराची कड घट्ट धरली. मग मी सीट हळूहळू मागे ढकलली. खट्ट आवाज झाला, आणि दोन तुकडे परत एक झाले.

"चालवताना तुमची, घरी आणून लावली की त्याची," मी म्हणाले. "कितीही वेळा करा. जागा हरवणार नाही."

काका खाली वाकून बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते. मग त्यांनी स्वतः लिव्हर ओढला, सीट पुढे घेतली, मागे नेली. रेघ जुळली. परत पुढे, परत मागे. परत जुळली. काकू म्हणाल्या, "बास की आता, झिजंल ती." तेव्हा कुठे थांबले.

आरशाचं मात्र मला काही करता येईना. त्याच्या गोल सांध्यावर खूण कुठे करणार. मी तसं सांगितलं आणि हेही सांगितलं की मागचं न बघता मी तुम्हाला या रस्त्यावर गाडी चालवू देणार नाही, मग सतरा येवोत नाहीतर सत्तर.

"आरसा जाऊं दे," काका जरा विचार करून म्हणाले. "आरसा माझा, शीट त्याची." आणि त्यांनी आरसा स्वतःच्या हाताने खाली केला.

परतीच्या वाटेवर उशी काकूंकडेच राहिली. काका पाय पूर्ण दाबून गिअर टाकत होते. थर्ड, फोर्थ, आणि मोकळ्या रस्त्यावर फिफ्थ पडला तेव्हा इंजिनाचा आवाज असा खाली बसला की आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघितलं. या गाडीला पाचवा गिअर आहे हे काकांना त्या दिवशी कळलं. पंपावर टाकी परत भरली. जातानाची बोंब धरूनसुद्धा आकडा अकराच्या जवळपास गेला होता. नुसत्या येण्याचा मोजला असता तर चौदाच्या आसपास आला असता, हे सांगायला मला स्कॅनर लागत नव्हता.

काळे सरांनी विचारलं, "काय निघालं?"

"सीट मागे होती सर."

"बस? एवढंच? आणि त्यासाठी तीन व्हिजिट?"

"एवढंच," मी म्हणाले. बाकीचं रिमार्कच्या चौकटीत मावण्यासारखं नव्हतं.

पौषात म्हशाची जत्रा झाली. बैलबाजार, घोंगड्या, पाळणे, सगळीकडची माणसं तिथे जाऊन आली. आमच्या वर्कशॉपमध्ये निम्मा स्टाफ गैरहजर होता. मी रोज टेलिफोनकडे बघत होते असं म्हटलं तर ते खोटं होईल, पण वैशाखऱ्याच्या बाजूची गाडी आली की मी मान वर करायचे, हे खरं.

काका आले ते सर्व्हिसिंगच्या तारखेला. उशी नव्हती. यावेळी बरोबर काकू होत्या. त्या गाडीतून उतरल्या त्या मागच्या दाराने. पुढची डावी सीट रिकामी होती. काका चालवतात, गाडीत दोघंच, आणि काकू मागे बसतात. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण कामाच्या गडबडीत मी काही विचारलं नाही.

"ऱ्हायली गाडी," काकांनी आल्याआल्या सांगितलं. मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. निलेश आला, पिशवी घरात टाकली आणि पहिला गाडीत जाऊन बसला. सीटला हातसुद्धा लावायला लागला नाही. बसला, चावी फिरवली, म्हणाला, "बाबा, बरोबर हाय की सगळं." म्हशाला तोच घेऊन गेला, कल्याणला मावशीकडे तोच घेऊन गेला, टाकी फुल करून त्याने स्वतः हिशेब केला. आले साडेतेरा.

"सतरा त्यालापन नाय आला," काका म्हणाले आणि पहिल्यांदाच मला त्यांचे सगळे दात दिसले. "मंग विकायचं नावच काढलं नाय." पिवळी रेघ त्याने बघितली होती. ही कसली, म्हणून विचारलंही होतं. काकांनी सांगितलं, कंपनीची खूण हाय.

"आणि परत गेला कधी?"

"झाले पंधरा दिस," काकू म्हणाल्या. विमानतळापर्यंत काकाच गाडी घेऊन गेले होते. वडलांनी चालवायची असा निलेशचाच हट्ट होता. तो शेजारी बसला. पाय लांब करायला सीट मागे घेतली, पाठ कलती केली आणि कल्याणच्या पुढे जो झोपला तो विमानतळ येईपर्यंत. काकू मागे बसून त्याचं डोकं बघत होत्या. उतरला, पाया पडला आणि आत गेला.

एवढं सांगून काकू मला हाताला धरून गाडीकडे घेऊन गेल्या आणि पुढचं डावं दार उघडलं. सीट मागे होती आणि पाठ कलती होती. मागे त्या का बसल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

"हितं पन एक रेघ मारून दे गो," काकू म्हणाल्या. "ह्यांच्या लक्षात नाय ऱ्हायचं. कोन पावना आला, बसला, सरकवली, का जागा गेली."

मी खिशातून मार्कर काढला आणि गुडघ्यावर बसले. एक रेघ सीटखाली ओढली. पाठीच्या सांध्यावर दुसरी, बारीक, कारण कोन पण त्याचाच होता. डोळे भरून आले होते म्हणून ती जरा वाकडी गेली. जुळवायला वाकडी असली तरी चालते.

त्या दिवशी जॉब कार्डवर मी लिहिलं, ॲव्हरेज साडेतेरा, तक्रार नाही. त्यानंतर कोणी नऊ म्हणत आला तर मी आधी फिल्टर उघडायला सांगत नाही. त्याला त्याच्या गाडीत बसवते, आपण शेजारी बसते आणि त्याचे पाय कुठपर्यंत पोचतात ते बघते. कंपनी ज्या खोलीत मायलेज मोजते तिथे चालवणारा एकटा असतो आणि बाकीच्या सीटा रिकाम्या धरलेल्या असतात. रस्त्यावर त्या तशा नसतात, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

"पेंट वाळेपर्यंत सीट हलवू नका हां," मी उठताना सवयीने म्हणाले.

"कोन हलवतंय," काकू म्हणाल्या, आणि दार हळूच लावून परत मागच्या सीटवर जाऊन बसल्या.